खेळ संपल्यानंतरचा अर्धा तास: ऑनलाइन प्रशिक्षणात डिब्रीफ कसं घ्यावं, आणि गुण अप्रेझलला जोडावेत का?

अबोली | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी कारखान्यांतल्या खरेदी, स्टोअर्स, डिस्पॅच विभागांतल्या लोकांना प्रशिक्षण देते, बहुतेक वेळा खेळांतून. सगळ्यात जास्त घेते तो बिअर गेम. एमआयटीत १९६० च्या सुमारास जे फॉरेस्टर यांच्या गटाने तो बनवला. एका साखळीत चौघं असतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी वेळ. माल पडून राहिला तर खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, मागणी थकली तर एक डॉलर. सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ खोकी.

हॉलमध्ये हा खेळ संपतो तेव्हा काय गोंगाट असतो! दुकानदार वितरकावर ओरडतो, कारखाना सगळ्यांवर. मग चहा येतो आणि चहाच्या कपासकट लोक फळ्यापाशी गोळा होतात. खरं शिकणं तिथे सुरू होतं.

आता हेच सगळं ऑनलाइन. गेल्या बॅचला १६ जण होते. शेवटचा आठवडा संपला आणि सॉफ्टवेअरने आपणहून गुणतक्ता लावला, पहिले हिरव्यात, शेवटचे लालमध्ये. मी "आता आपण जरा बोलूया" म्हणेपर्यंत चॅटमध्ये "थँक्यू मॅम" पडायला लागले आणि पाच चौकोन गायब. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे कॅमेरे बंद. घाऊक व्यापारी झालेले एक गृहस्थ तेवढे म्हणाले, "मॅडम, माझं नाव लाल का आलं? मी तर आलेली ऑर्डरच पुढे पाठवत होतो." त्यावर मी तिथल्या तिथे धड उत्तर देऊ शकले नाही, आणि ते मला अजून टोचतंय.

दुसऱ्या दिवशी एचआरची मेल आली: प्रत्येकाचे गुण एक्सेलमध्ये पाठवा, अप्रेझलच्या फाईलला जोडायचे आहेत.

तर प्रश्न दोन. लांबून, पडद्याआडून डिब्रीफ, म्हणजे खेळानंतरची चर्चा, कशी घेता? आणि हे गुण पाठवावेत का? माझं मन नाही म्हणतंय. तुमचे अनुभव ऐकायचे आहेत.

---

टपरीवरचा_चहा | ३ जून, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. ताई, "आज दिवसभर बिअर गेम होता" असं घरी सांगितल्यावर जेवायला वाढतात का? :)

---

अबोली | ३ जून, रात्री ११:०५

@टपरीवरचा_चहा, म्हणूनच शॉपफ्लोअरच्या बॅचला मी बिअरच्या खोक्यांच्या गुळाच्या ढेपा करते. कोल्हापूरकडची मंडळी असली की भाव काय चाललाय यावरच पंधरा मिनिटं जातात.

---

शंकासूर | ४ जून, सकाळी ७:३०

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तीस वर्षं प्लॅनिंगमध्ये काढली. खेळात हुशारी दाखवणारे कामावर ढिम्म असतात आणि उलटही पाहिलंय. या खेळांनी आणि त्यानंतरच्या गप्पांनी कामावर फरक पडतो, याला पुरावा काय? नसेल तर गुण पाठवले काय आणि न पाठवले काय.

---

खारा_वारा | ४ जून, सकाळी ९:१५

मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे समोरच्या बाजूनं लिहितो.

अबोलीताई, १६ माणसं कामावरून एक दिवस बाजूला काढायची, तुमची फी द्यायची, आणि मग वरच्यांनी "काय मिळालं?" विचारलं की आम्ही काय दाखवायचं? हसरे चेहरे काढलेला फीडबॅक फॉर्म? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच चार पायऱ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, धंद्यावर परिणाम झाला का. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या पायरीवरच अडते. सॉफ्टवेअर आयते गुण देतंय तर निदान दुसरी पायरी गाठली, असं आम्हाला वाटतं. यात वाईट हेतू नसतो. मोजायचंच नाही असं म्हणून चालणार नाही.

---

अबोली | ४ जून, दुपारी १:२०

@खारा_वारा, तुमचा मुद्दा मला पटतो, मोजायला हवंच. पण हा आकडा कशाचा आहे ते बघा.

या खेळात ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे ४ खोकी असते. पाचव्या आठवड्याला ती ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. एवढंच. ग्राहक एकदाच बदलतो. तरीही कारखान्यापर्यंत जाता जाता ऑर्डरी कुठल्या कुठे चढतात आणि मग शून्यावर आपटतात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये यावर जो लेख लिहिला, त्यात संघांचा सरासरी खर्च दोन हजार डॉलरच्या आसपास होता. नीट खेळलं तर दोनशेच्या घरात भागलं असतं. दहापट! आणि खेळणारे विद्यार्थी असोत की मुरलेले मॅनेजर, चित्र तेच दिसतं. म्हणजे माणसं बदलली तरी गोंधळ तोच. वेळेच्या अंतराने आणि एकमेकांचं न दिसण्याने तो होतो.

आणखी एक. त्याच लेखात मधल्या दोघांचा, म्हणजे घाऊक व्यापारी आणि वितरकाचा, सरासरी खर्च टोकाच्या दोघांपेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे चिठ्ठी उचलताना घाऊक व्यापाऱ्याची जागा आली, तिथेच लाल रंगाची निम्मी तयारी झाली. त्या गृहस्थांच्या अप्रेझलला मी कुठल्या तोंडाने तो आकडा लावू? हे सगळं मी त्यांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

---

टपरीवरचा_चहा | ४ जून, दुपारी १:३१

थोडक्यात, अंगणच वाकडं आहे आणि आपण नाचणाऱ्याचे गुण कापतोय. म्हण पहिल्यांदाच उलटी लागू पडलेली पाहिली.

---

घोडा_एफ३ | ४ जून, संध्याकाळी ५:४५

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, नागपूरला. कोविडपासून निम्मे वर्ग ऑनलाइनच. २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर मुलांची रीघ लागली आहे.

तुमचा गुणतक्ता म्हणजे आमचं इंजिन, डावातल्या चुका दाखवणारं सॉफ्टवेअर. पूर्वी डाव संपला की दोघं खेळाडू त्याच पटावर बसून पोस्टमॉर्टेम करायचे: "इथे मला वाटलं तू घोडा मारशील", "अरे, मी तर उंट बघत होतो". ऑनलाइन डाव संपला की मुलगा अर्ध्या सेकंदात इंजिन लावतो. ते लाल खुणा करून सांगतं, इथे चूक, तिथे घोडचूक. मुलगा "हं" म्हणतो आणि पुढचा डाव लावतो. ती चाल का खेळावीशी वाटली, हे तो कोणाला सांगत नाही, स्वतःलाही नाही. पुढच्या आठवड्यात तीच चूक.

माझा नियम: डाव संपला की इंजिन बंद. आधी वहीत तीन जागा लिहायच्या, जिथे तुला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेजारी त्या वेळी काय वाटत होतं ते. वहीचा फोटो मला पाठवायचा. मगच इंजिन. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. आईबाबा जास्त कुरकुरतात, "सर, रेटिंग किती वाढलं ते सांगा".

ताई, सॉफ्टवेअरमध्ये तो तक्ता आपोआप न लावण्याची सोय असेलच कुठेतरी. शोधा. ते पहिलं काम.

---

निळी_शाई | ४ जून, रात्री ११:५०

इंग्लंडमधून लिहितेय. मी नर्स आहे आणि हॉस्पिटलच्या सिम्युलेशन विभागात शिकवते. आमच्याकडे पुतळ्यावर हृदय बंद पडल्याचा प्रसंग उभा करतात, टीम येते, दहा मिनिटं धावपळ, आणि नंतर त्याच्या दुप्पट वेळ डिब्रीफ. लोकांना हे प्रमाण उलटं वाटतं, पण ते तसंच असतं.

@शंकासूर, पुरावा आहे. टॅननबॉम आणि सेरासोली यांनी २०१३ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. जे गट नीट डिब्रीफ करतात त्यांची कामगिरी न करणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी चांगली निघाली. त्यात वैद्यकीय क्षेत्र होतं आणि बाहेरचंही. 'नीट' हा शब्द मात्र महत्त्वाचा.

नीट म्हणजे कसं, तर एक प्रसंग सांगते. कोविडच्या काळात डिब्रीफ घेणारी मी दुसऱ्या इमारतीत आणि टीम सिम्युलेशनच्या खोलीत. मला छतावरच्या कॅमेऱ्यातून वरचं दृश्य दिसायचं. छाती दाबणं मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि मध्ये खंड पडता कामा नये. त्या दिवशी एक ज्युनिअर नर्स पलंगाशी आली आणि नुसती वाकून उभी राहिली. दाबणं सुरूच करेना. घड्याळाप्रमाणे १४ सेकंद. माझ्या कागदावर मी लिहून टाकलं: 'गोठली'.

डिब्रीफमध्ये आम्ही एक पद्धत वापरतो, बोस्टनच्या गटाने २००६ मध्ये लेख लिहून ती मांडली. आधी जे पाहिलं ते सांगायचं, मग आपल्याला काय वाटलं ते, आणि मग खरोखर उत्सुकतेनं विचारायचं. मी म्हटलं, "तू पलंगापाशी आलीस आणि काही सेकंद वाकून उभी होतीस. मला काळजी वाटली, कारण तेवढा वेळ रक्त पुढे जात नव्हतं. तुझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं?"

ती म्हणाली, "हवेची गादी होती. मी हवा सोडायचा लिव्हर शोधत होते. मऊ गादीवर दाबून उपयोग नाही ना."

वरच्या कॅमेऱ्यात तिचा हात दिसतच नव्हता! खोलीतल्या सगळ्यांत तिला एकटीलाच गादी आठवली होती आणि मी तिला 'गोठली' म्हणून शेवटच्या रांगेत बसवणार होते. लांबून बघणाऱ्याने गुण देण्याआधी हे लक्षात ठेवावं. पडदा आपल्याला एकच कोन दाखवतो.

ऑनलाइनसाठी एक व्यवहाराची गोष्ट: एकटीने घेऊ नका. एक जण बोलायला, दुसरा चॅट आणि चेहरे बघायला. मी बोलत असताना कोणाचा माईक चालू होऊन बंद झाला, ते माझ्या सहकाऱ्याला दिसतं, मला नाही. तो मला लिहून पाठवतो, "कोपऱ्यातल्या ताईंना काहीतरी बोलायचंय".

---

अबोली | ५ जून, सकाळी ८:१०

@निळी_शाई, ते १४ सेकंद डोक्यातून जात नाहीयेत.

---

वाटसरू_७८ | ५ जून, सकाळी ९:००

फौजेतून निवृत्त. आमच्याकडे याला वॉश-अप म्हणतात. वाळूचं मॉडेल घालून चर्चा असो की मैदानी सराव असो, वॉश-अप झाल्याशिवाय कोणी सुटत नाही.

यात अमेरिकन सैन्याचा अभ्यास करण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट आयर्विनच्या वाळवंटात त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठं सराव केंद्र उभं केलं. बंदुकांना आणि रणगाड्यांना लेझर लावले, त्यामुळे "मी तुला मारलं", "नाही लागलं" हा वाद मिटला. पण एवढा पुरावा हातात असूनही चर्चा घेणारा अधिकारी निकाल वाचून दाखवत नाही. चार गोष्टी विचारतो: काय करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करणार. त्यांच्या पुस्तिकेत साफ लिहिलेलं आहे की ही पास-नापासची चर्चा नव्हे.

माझा स्वतःचा अनुभव: अहमदनगरला कोर्सवर होतो तेव्हा आमचे इन्स्ट्रक्टर सगळ्यात ज्युनिअरला आधी बोलायला लावायचे. कर्नल साहेब एकदा बोलले की लेफ्टनंट काय वेगळं सांगणार? तुमच्या ऑनलाइन वर्गात प्लँट हेड बसलेले असतात का? असतील तर त्यांना शेवटी बोलवा. किंवा त्या अर्ध्या तासापुरतं नम्रपणे बाहेर बसवा.

---

शंकासूर | ५ जून, सकाळी ९:४०

@निळी_शाई, माहितीबद्दल आभार. २५ टक्के हा आकडा माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा आहे. हट्ट सोडला नाही, पण सैल केला. आता प्रश्न असा, की डिब्रीफमध्ये माणूस खरं बोलतो का? लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसत असताना कोण कबूल करेल की मी घाबरून दुप्पट ऑर्डर दिली?

---

भिडस्त | ५ जून, रात्री १०:३०

सहसा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

कोविडच्या दुसऱ्या वर्षी मी गावाकडून काम करत होतो, दापोलीच्या पुढे. कंपनीने सगळ्या टीम लीडरना ऑनलाइन बिझनेस सिम्युलेशन खेळायला लावलं. घरात रेंज नाही, म्हणून मी गच्चीवर, पाऊस म्हणून छत्री उघडून ती लॅपटॉपवर धरलेली, आणि मोबाईल कठड्यावर. तिसऱ्या फेरीला वीज गेली, टॉवर गेला. परत आलो तेव्हा सॉफ्टवेअरने माझ्या दोन फेऱ्या शून्य भरून पुढे ढकलल्या होत्या. २४ जणांत २३ वा.

नंतरची चर्चा दहा मिनिटांची. पहिल्या तिघांचं अभिनंदन, सगळ्यांना धन्यवाद, संपलं. मला वाटलं विषय मिटला. मार्चमध्ये अप्रेझलला साहेबांनी कागद वाचला: "सिम्युलेशनमध्ये निर्णयक्षमता कमी आढळली." मी छत्रीचं सांगितलं. ते म्हणाले, "आता ते नोंदवलं गेलंय."

पगाराचा फरक थोडा होता, तो विसरलो. पण त्यानंतर दोन वर्षं कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही. खेळ आला की सगळ्यात सुरक्षित चाल खेळायचो. @शंकासूर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं हे. खरं बोलत नाही माणूस.

अबोलीताई, पाठवू नका ते एक्सेल.

---

टपरीवरचा_चहा | ५ जून, रात्री १०:४१

भिडस्तदादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. छत्रीसकट साष्टांग नमस्कार.

---

खारा_वारा | ६ जून, सकाळी १०:०५

@भिडस्त, वाचून वाईट वाटलं. अशा फाईली मीही पुढे सरकवल्या आहेत, समोरचं माणूस गच्चीवर होतं की केबिनमध्ये हे न विचारता. यापुढे विचारेन.

पण माझा मूळ प्रश्न उभाच आहे. वर काय दाखवायचं?

---

ढगांवरून | ६ जून, दुपारी ३:२०

विमान चालवतो आणि आता सिम्युलेटरवर इन्स्ट्रक्टर आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांशी आमचं क्षेत्र झगडून बसलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेडचं डीसी-८ उतरायला आलं, १८९ जण आत. चाकं नीट उतरली की नाही अशी शंका आली म्हणून कॅप्टन जवळजवळ तासभर घिरट्या घालत तपासत राहिले. इंधन संपत आलंय हे बाकीच्यांना दिसत होतं, पण ते ठासून कोणी सांगितलं नाही. विमान शहराच्या उपनगरात पडलं, दहा जण गेले. चाकांमुळे नाही, इंधन संपून. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं-बोलावं, याचं प्रशिक्षण उभं राहिलं.

त्याचा गाभा म्हणजे सिम्युलेटरवरचं पूर्ण उड्डाण. मुंबई ते अमुक, खऱ्यासारखं, मध्ये अडचणी येतात आणि इन्स्ट्रक्टर थांबवत नाही. या सत्राला गुण नसतात. नोकरीला धोका नाही, असं आधीच सांगितलेलं असतं. व्हिडिओ काढतात, डिब्रीफमध्ये त्याचे तुकडे दाखवतात आणि डिब्रीफ झालं की तो पुसून टाकतात, वैमानिकांच्या देखत. माझ्या पहिल्या सत्रात मी मनातल्या मनात इन्स्ट्रक्टरचं बोट बघत होतो, खरंच बटण दाबतो का. दाबलं. त्या क्षणापासून मी त्या माणसाशी वेगळा बोलायला लागलो.

@खारा_वारा, म्हणून आमच्यात परीक्षा नाही असं नाही. परीक्षा कडक असते, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने, निकष आधी सांगून. शिकताना चुकायचं आणि परीक्षेला चुकायचं नाही, हे माणसाला समजतं. एकाच सत्राला सकाळी शिकवणी आणि संध्याकाळी परीक्षा म्हटलं की शिकवणी मेली.

---

वारणाकाठ | ७ जून, सकाळी ६:५०

थोडं वेगळं, पण याच धाग्यात बसेल.

आम्ही काही जण सांगली भागातल्या गावांमध्ये पुराच्या तयारीचा खेळ घेतो. नकाशा, चिठ्ठ्या, आणि दर फेरीला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. तुमच्या वाडीत अमुक म्हातारी माणसं, इतकी जनावरं, एक बोट. आता काय कराल? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, त्यामुळे खेळ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

गेल्या वर्षी सात गावांचा एकत्र ऑनलाइन घेतला. डिब्रीफला व्हिडिओ कॉल लावला आणि फसला. निम्म्यांचा नेट चालेना, उरलेल्यांत सरपंच बोलले, बाकी गप्प. मग दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न टाकले आणि म्हटलं, लिहू नका, बोलून पाठवा, आणि ग्रुपवर नको, मला एकट्याला. संध्याकाळपर्यंत ३१ आवाज आले. गोठ्यात धार काढताना बोललेले, एसटीत बसून बोललेले. एका काकूंनी सांगितलं, "खेळात तुम्ही म्हणता जनावरं सोडा आणि बोटीत बसा. पण दावं कापायला विळा लागतो, तो कुणाच्या कमरेला असतोय का?" आता आमच्या तयारीच्या यादीत विळा आहे.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. ५० फुटांची फेरी चालू असताना एक मुलगा अचानक बाहेर पडला. आम्हाला वाटलं नेट गेलं. रात्री फोन केला तेव्हा समजलं, २०१९ ला त्यांच्या घरात आढ्यापर्यंत पाणी होतं, आणि खेळात तो आकडा दिसल्यावर त्याला बसवेना. समोर असता तर आम्हाला त्याचा चेहरा दिसला असता. तेव्हापासून नियम केलाय: मध्येच जो बाहेर पडेल त्याला त्याच रात्री फोन. गैरहजेरी म्हणून नोंद करायची नाही.

---

निळी_शाई | ७ जून, दुपारी २:१५

@वारणाकाठ, हा फोनचा नियम मी आजच आमच्या टीमला सांगितला.

---

टपरीवरचा_चहा | ७ जून, दुपारी २:३०

अवांतर: गुळाच्या ढेपांवर मला शंका आहे. पावसाळ्यात गूळ पाझरतो. मग पडून राहिलेल्या मालाचा खर्च अर्ध्या डॉलरनं कसा भागेल?

---

शंकासूर | ७ जून, दुपारी ३:०२

या मुद्द्यावर मात्र मी टपरीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. ताईंनी साबण घ्यावा.

---

घोडा_एफ३ | ७ जून, संध्याकाळी ६:२०

साबणावर एकमत झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ. अबोलीताई, त्या गृहस्थांना पुन्हा भेटलात का?

---

अबोली | २९ जून, रात्री ९:३०

उशीर झाला, क्षमस्व. सांगण्यासारखं काहीतरी हातात येऊ दे म्हणून थांबले होते.

त्या गृहस्थांना दुसऱ्याच दिवशी फोन केला, मधल्या जागेचं सगळं समजावलं. ते म्हणाले, "हे तेव्हाच सगळ्यांसमोर बोलला असतात तर बरं झालं असतं." खरंच आहे. मग मी कंपनीला विनंती केली की त्याच १६ जणांचा पुन्हा एक तास द्या, फी नको. मिळाला.

तक्ता बंद केला, बटण सेटिंगमध्ये खोल कुठेतरी होतं. एक सहकारी चॅट बघायला घेतली. प्लँट हेडना आधीच फोन करून सांगितलं की तुम्ही शेवटी या, आणि ते आनंदाने तयार झाले. रेकॉर्डिंगबद्दल सुरुवातीलाच शब्द दिला.

दुकानदार सोडून प्रत्येकाला कोरा कागद आणि स्केच पेन घ्यायला सांगितलं. खेळात ग्राहकाची मागणी आठवड्यागणिक कशी होती असं तुम्हाला वाटतं, तो आलेख काढा. बोलायचं नाही. मग मी तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचा. ज्यांचे कॅमेरे आधी बंद होते तेही चालू झाले, कारण कागद दाखवायचा होता, चेहरा नाही. पडद्यावर बारा कागद, आणि बाराही कागदांवर डोंगर! कारखाना झालेल्या एका ताईंनी तर शिखरं, दऱ्या, मध्ये खिंडसुद्धा काढली होती. कोणीतरी म्हणालं, "हा तर सह्याद्री."

मग मी दुकानदारांना त्यांच्याकडे आलेले खरे आकडे वाचायला सांगितलं. चार, चार, चार, चार, आठ, आठ, आठ, आठ... एक दुकानदार वाचतच राहिले, आठ, आठ, आठ. दहाएक सेकंद कोणीच काही बोललं नाही. सहकारीने मला लिहून पाठवलं, "थांब, तू बोलू नकोस." मी थांबले.

आणि ते घाऊक व्यापारी बोलले. "म्हणजे मॅडम, मार्चएंडला आपण डीलरच्या गळ्यात माल मारतो, एप्रिलमध्ये ऑर्डर येत नाही म्हणून प्लॅन कापतो, आणि जूनमध्ये माल नाही म्हणून रात्रपाळी लावतो. हे तेच आहे ना?" त्यावर डिस्पॅचच्या मुलाने गेल्या जूनमधले ट्रकच्या भाड्याचे आकडे तोंडपाठ सांगितले. तासाचा दीड तास झाला. प्लँट हेड आले तेव्हा चर्चा सांगण्याची गरजच उरली नव्हती, पडद्यावर मार्च ते जूनचा कागद तयार होता.

@खारा_वारा, तुमच्या प्रश्नावर. एचआरच्या मॅडमना मी एक्सेल पाठवलं नाही. त्याऐवजी तो कागद पाठवला आणि लिहिलं, सप्टेंबरअखेर या चार विभागांचा पडून राहिलेला माल आणि तातडीच्या खरेदीच्या ऑर्डरी गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवून बघूया. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. वरती विचारते म्हणाल्या. अजून उत्तर नाही.

---

खारा_वारा | २९ जून, रात्री १०:१२

हा कागद मी वर नक्की दाखवू शकलो असतो. सप्टेंबरमध्ये आकडे आले की इथे टाका, चांगले वाईट कसेही. आणि त्या मॅडमना पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा. आमच्याकडे मेल खाली दबते.

---

भिडस्त | २९ जून, रात्री १०:४०

दोनदा वाचलं.

---

ढगांवरून | ३० जून, सकाळी ७:१५

आणि रेकॉर्डिंग?

---

अबोली | ३० जून, सकाळी ८:००

त्यांच्या देखत पुसलं, स्क्रीन शेअर करून. कागद मात्र ज्याचे त्याच्याकडे आहेत. कारखानावाल्या ताईंनी काल फोटो पाठवला, सह्याद्री त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, प्लॅनिंगच्या कॅलेंडरशेजारी.